एकुलता चिनूक

त्या वसंतात नदीच्या मुखाशी माझ्या जाळ्यात एकच चिनूक, म्हणजे मोठ्या जातीचा साल्मन मासा, लागला. हातभर लांब, चकचकीत, जिवंत. गावाची रीत अशी, की वर्षातला पहिला साल्मन सगळ्यांनी घासघास वाटून खायचा आणि काटे नदीत सोडायचे. मग तो मासा पुन्हा जिवंत होऊन आपल्या घरी जातो आणि इतरांना सांगतो, या माणसांनी मला मानानं वागवलं, तुम्हीही या. मी मासा बोटीवरच्या टाकीत सोडला आणि वर्ना मावशीला बोलावलं. वाटलं, ती चुलीच्या तयारीला लागेल.

"हा आपला नाही, लीलंड," मावशी म्हणाली. "थोरलीचा आहे."

थोरली म्हणजे खाडीबाहेर फिरणारी म्हातारी ऑर्का, काळा-पांढरा शिकारी देवमासा. ऑर्कांना आम्ही लाटांखालची माणसं म्हणतो, आणि थोरली ही मावशीची मानलेली बहीण. चिनूक मिळाला नाही तर तिचं पोट भरत नाही, आणि चिनूक उरलेत कुठं? नदीवर धरण, तळाला गाळ, काठची झाडं तोडल्यापासून पाणी कोमट. तिच्या डोक्यामागं खळगा पडला होता. तो दिसला की समजायचं, अंगातली चरबी संपली.

माझा चुलतभाऊ डेल्मर मत्स्यबीज केंद्रात कामाला. तो टाकीत वाकून बघत म्हणाला, "याला वर नदीत सोड. मादी असली तर चार हजार अंडी असतील पोटात."

"आणि नर निघाला तर?" मी म्हणालो.

"डेल्मर, तू लग्नाआधीसुद्धा अंडीच मोजली असशील," मावशी म्हणाली. "उपाशी बहिणीला काय सांगू? थांब बाई, तुझ्या पतवंडांसाठी राखून ठेवलंय?"

मी खदखदून हसलो. समुद्रातून नुकताच आलेला चिनूक बघून नर की मादी कळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. तरी हसलो.

ऑर्काला खाऊ घालायला परवाना लागतो. तिला उपाशी मारायला लागत नाही. परवाना पाचव्या दिवशी आला. तोवर मी टाकीचं पाणी बदलत राहिलो, हवेचा पंप बंद पडू दिला नाही. चौथ्या दिवशी मासा कुशीवर कलंडायला लागला. मावशीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ठणठणीत आहे."

थोरली बेटाच्या आडोशाला भेटली. मी इंजिन बंद केलं. मावशीनं मासा दोन्ही हातांत घेतला, "ताई, जेव गं," म्हणाली आणि सोडला.

मासा पळालाच नाही. पोट वर करून तरंगला. थोरली जवळ आली, तिनं त्याला तोंडानं ढकललं. लाटांखालची माणसं मेलेला मासा खात नाहीत. तिनं पुन्हा ढकललं, थोडी थांबली आणि निघून गेली. मावशी बराच वेळ पाण्यात हात घालून बसली होती. त्यानंतर थोरली कुणालाच दिसली नाही.

मासा तसाच टाकून कसा येणार? मी तो उचलून आणला. धक्क्यावर डेल्मरनं पोट चिरलं. आत अंड्यांच्या दोन केशरी लडी होत्या.  त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेल गेलं, तूप गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं.

दुसऱ्या दिवशी गावानं त्या मासळीला घासघास वाटून घेतलं.  मग सगळे नदीवर गेलो. फळीवर ठेवलेले काटे दरवर्षी मावशी सोडते. या वेळी तिनं ती फळी माझ्या हातात दिली.

"तू बोल. चार दिवस तूच तिच्यापाशी होतास."

म्हणजे माझं खोटं तिला कळलं होतं. वाक्य एवढंच, 'आम्ही तुला मानानं वागवलं.' लहानपणापासून पाठ. पण तोंडातून फुटेना. लोक थंडीत ताटकळले होते.

"आम्ही तुला मारलं," मी म्हणालो. "खायला नाही, उगाच."

मी फळी पाण्यावर कलती केली, काटे लगेच बुडाले. 

"खरं बोललास ते बरं केलंस," मावशी म्हणाली. "पण हे ऐकून आता कोण येईल रे?"