एका बाजूला ओढणारी करवत

सासरेबुवा जावयाकडे करवतीने लाकूड कोरायला शिकायला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोची हसून हसून पुरेवाट झाली. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात काकडी धड चिरता आली नाही, तो आता पेट्रोलवरच्या करवतीने ओंडक्यातून अस्वलं काढणार, असं तिने शेजारणीलाही सांगून टाकलं. सासरेबुवांनी तिला हसू दिलं. शिकणं हे नुसतं निमित्त होतं. ते निघाले होते तपासाला.

नोकरीभर त्यांनी हेच तर केलं होतं. विमा कंपनीत ते अपघाताच्या दाव्यांची चौकशी करायचे. दुकान खरंच आपोआप जळलं का, पाय खरंच जिन्यावरून पडून मोडला का, हे हुडकून काढायचं. नोकरी संपली, पण नाक तेवढंच तिखट राहिलं. मागच्या वर्षी त्यांच्या लेकीचा डावा हात जायबंदी झाला. काच लागली, असं ती फोनवर म्हणाली. पुढे ती भेटायला आली तेव्हा त्यांनी तो व्रण पाहिला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. काच सरळ कापते. हा व्रण फाटलेला होता, कडा कुरतडल्यासारख्या, आणि दोन बोटं मुठीत पुरती मिटत नव्हती. जावयाला काही विचारलं की त्याच्या आधी लेकच उत्तर देत होती. अशी जोडपी त्यांनी कामावर पुष्कळ पाहिली होती. खरं काय ते बाहेर काढायचं आणि लेकीला घेऊनच परतायचं, असं ठरवून त्यांनी बॅग भरली.

जावयाचं आवार मोठ्या रस्त्याला लागून होतं. पुढे विकायला मांडलेली अस्वलं, घुबडं आणि मासे, मागे पत्र्याची शेड, ओंडक्यांची रास, आणि जिकडेतिकडे घोटा बुडेल एवढा भुसा. जावई मुळातच अबोल. त्याने कितीतरी दिवस सासऱ्यांना मशीन चालूच करू दिली नाही. हेल्मेट, कानांवरचे कप, मांड्यांवर बांधायचं जाड आवरण, असा सगळा साज चढवून तो त्यांना नुसता उभा करायचा आणि दोनच गोष्टी घोकून घ्यायचा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू द्यायचा नाही, टेकला की मशीन उसळी मारून अंगावर येते. आणि काहीही झालं तरी एकही हात मुठीवरून काढायचा नाही. हे सांगताना त्याचा आवाज कापायचा. नवख्या माणसाला शिकवताना आवाज कशाला कापायला हवा, असं सासरेबुवांना वाटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

शेवटी एकदाची मशीन हातात आली. लहानशी, हलकी, टोकाशी निमुळतं पातं असलेली. अस्वलाची सुरुवात ठोकळ्यांनी होते: वरचा ठोकळा डोकं, खालचा धड, मध्ये खांद्यांची पायरी. ऐकायला सोपं. पण सासरेबुवांनी सरळ काप घ्यायला जावं, तर पातं गुपचूप उजवीकडे सरकायचं. त्यांनी जोर लावून डावीकडे ओढलं तर लाकडातून धूर निघायचा. पहिल्या अस्वलाचं नाक गेलं. दुसऱ्याचं डोकं असं कलतं झालं की बिचारं दुसऱ्याच्या खिडकीत डोकावतंय असं वाटावं. लेक तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसली. सासरेबुवांना मात्र हसू येईना. हा मनुष्य आपल्याला मुद्दाम बिघडलेली मशीन देतोय, म्हणजे आपण कंटाळून घरी जाऊ आणि याची सुटका होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

दुपारी जावई ओंडके आणायला गेला, तसे ते ती मशीन घेऊन शेडच्या दारात उजेडाला बसले. चष्मा पुसून त्यांनी पात्याभोवती फिरणाऱ्या साखळीचा एकेक दात पाहिला. दात आळीपाळीने असतात, एक उजवीकडे वळलेला, एक डावीकडे. उजवीकडचे सगळे लख्ख, कानशीने नीट घासलेले. डावीकडच्यांवर कानस नुसती घसरलेली, धार अशी नाहीच. म्हणून पातं उजवीकडे ओढत होतं. मग त्यांनी जावयाची मोठी मशीन उचलून पाहिली. तिचे दोन्हीकडचे दात सारखे.

संध्याकाळी त्यांनी साळसूदपणे विचारलं, की छोट्या मशीनला धार कोण लावतं. मीच, जावई म्हणाला, आणि कान लाल झाले.

सासरेबुवा त्या रात्री जेवले नीट, बोलले नीट, पण त्यांचं चित्त कानशीवर होतं. कानस एका हाताने धरून भागत नाही, हे ते इथेच एका जुन्या साखळीवर स्वतः करून शिकले होते. एक हात मागची मूठ ढकलतो, दुसऱ्याने पुढचं टोक दाबून धरावं लागतं, आणि बाजू बदलली की हात बदलतात. डावीकडचे दात ज्याला जमत नाहीत, त्याचा एक हात अधू असणार. घरात माणसं तिघंच होती.

सकाळी लेक स्वयंपाकघरात कप विसळत होती आणि जावई टेबलाशी बसला होता. सासरेबुवांनी उभ्यानेच सुरुवात केली. "जावईबापू, अधू हाताच्या बायकोकडून तुम्ही साखळ्या घासून घेता. आणि माझ्या तोंडावर खोटं बोलता. त्या हाताचं काय झालं, तेही मला आज कळलं पाहिजे. नाहीतर मी तिला घेऊन चाललो."

जावई काही बोलायला गेला, पण लेकीने ओला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग ती वडिलांना शेडमध्ये घेऊन गेली. तिने खुंटीवरचं हेल्मेट काढून घातलं, तेच, जे ते इतके दिवस वापरत होते. त्यांच्यासाठी सैल केलेला पट्टा तिने न बघता, सवयीने दोन घरं आवळला.

"मशीन माझी आहे, बाबा. पुढची घुबडं माझी, अस्वलंसुद्धा बहुतेक माझीच. एक लहान घुबड हलत होतं म्हणून मी डावा हात मुठीवरून काढून ते धरायला गेले. तेवढ्यात टोक लागलं."

सासरेबुवा ओंडक्यावर बसले. मग काच कशाला, एवढंच त्यांनी विचारलं.

"मी स्वतःच्या हाताने मशीन चालवत होते असं सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांनी खरंच विचार केला. खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगता येईना. "नवऱ्याला वाचवायला बोलतेस, असं म्हणालो असतो."

"आणि पटलं असतं, तर मशीन बंद करायला लावली असतीत. हा रोज म्हणतो, सांगून टाकू. मीच शपथ घातली होती त्याला."

सासरेबुवांना स्वतःचीच लाज वाटली. एवढे दिवस त्या माणसाने त्यांची शेलकी बोलणी मुकाट ऐकून घेतली होती आणि रोज न चुकता त्यांच्या हेल्मेटचा पट्टा तपासला होता.

लेकीने हेल्मेटचा काचेचा पडदा तोंडावर ओढला आणि मशीन सुरू केली. पुढच्या मुठीला तिने जाड चिकटपट्टी गुंडाळली होती. तीन बोटांनी ती पकडली, दोन तशीच बाहेर राहिली. भुसा उडाला. डोकं, खांदे, पोट सगळं ओंडक्यातून निघू लागलं, आणि पातं उजवीकडे ओढ घेतंय हे तिला माहीत असल्यामुळे ती आधीच अंग डावीकडे टाकत होती. अस्वल सुरेख होत होतं. सासरेबुवांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते त्या बाहेर राहिलेल्या दोन बोटांकडे पाहत होते. इतके दिवस संशय होता तेव्हा निदान कोणावर तरी राग धरता येत होता. आता राग धरायला कोणी उरलं नव्हतं. जावई येऊन शेजारी उभा राहिला. तोही त्या दोन बोटांकडेच पाहत होता.

लेकीने मशीन बंद केली आणि पडदा वर केला. "बोला, बाबा. माझी बॅग भरू का?"

भर, हा शब्द त्यांच्या जिभेवर आला. तो त्यांच्या मनातला अगदी खरा शब्द होता. आपला शब्द ती मोडणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी एकवार जावयाकडे पाहिलं, मग अस्वलाकडे.

"त्याचा एक कान राहिलाय," ते म्हणाले.

तिने पडदा खाली ओढला.