फुटक्या नळकांड्याची हाक

होटगीत हिंदुरावाची पिठाची गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले. इंजिनाचं धुराचं नळकांडं तडकलं आणि त्याचा भकभकाट शिवारभर घुमू लागला. "डाग देऊन चीर बुजवा," बायको सारजाबाई म्हणाली. हिंदुरावानं हट्टानं सोलापुरातनं नवंच आणून बसवलं. इंजिन मांजरागत घुरघुरू लागलं. तो मिशीला पीळ देत बसला, पण दळण घेऊन कुणी फिरकेना.

दुपारी मेंढरं हाकत मायाक्का आली. "आवाज न्हाय, गिरणी बंद हाय म्हणून समद्या बाया जात्यावर बसल्यात की."

हिंदुरावानं फुटकं नळकांडं परत चढवलं. भकभकाट उठला, तशा डोईवर पाट्या घेतलेल्या बाया वाटेला लागल्या.

"मग डाग कवा द्यायचा?" सारजाबाईनं हसत विचारलं.

"त्या चिरीला हात तर लावून बघ."