रोजच्यासारखं

प्राजक्ताने थरथर मोजणारी धातूची छोटी डबी एलिएझरकाकांच्या हॉलच्या फरशीवर चिकटवली आणि कालचीच सूचना पुन्हा दिली.

"आज तरी रोजच्यासारखं वागा हं, काका. काल बिल्डिंगमध्ये कोणी राहतच नाही असं वाटलं मला."

खरंच होतं ते. तपासणीला इंजिनीयर आली म्हटल्यावर सुकापूरची ती सबंध सोसायटी, घरात तान्हं मूल झोपलं असावं तशी, चवड्यांवर चालली होती. पंप बंद, मिक्सर बंद. गच्चीवर करंजा गावची मालू कोळी नाच शिकवते, तिथल्या बायकासुद्धा पाय टेकवायला घाबरत होत्या. आणि डबीला तर हवी होती रोजचीच थरथर: वारा, कळंबोलीकडे जाणारे ट्रक, जिन्यातली धावपळ. तिच्यातूनच स्लॅबची स्वतःची लय कळते. नाचाचा ठेका त्या लयीशी जुळला, तर स्लॅब जास्तच हलायला लागणार आणि मालूचा वर्ग बंद.

तक्रार काकांच्या नावावर गेली होती. "तुमच्या डोक्यावरच धिंगाणा, त्रास होत असेल ना?" असं सेक्रेटरी सुभाषने विचारलं, तेव्हा काका नुसता चष्मा पुसत राहिले. सुभाषने ते 'हो' धरलं. काकांचं 'नाही' तेव्हापासून घशातच होतं.

प्राजक्ता गेल्यावर काकांनी डबीकडे बराच वेळ पाहिलं. मग पडदे ओढले, दाराला कडी घातली, आणि अगदी प्रामाणिकपणे रोजच्यासारखं वागले.

रविवारी सगळे गच्चीवर जमले.

"ठेका वेगळा, स्लॅबची लय वेगळी," प्राजक्ता म्हणाली. "बिनधास्त नाचा."

बायकांनी शिट्ट्या मारल्या.

"एकच कळलं नाही. वर्ग संध्याकाळी ना? मग सकाळी काकांच्या हॉलमध्ये हाच ठेका कसा? एकाच माणसाचा. मध्ये मध्ये चुकणारा."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"पंप असेल," काका म्हणाले.

"पंप तळमजल्यावर आहे, काका," सुभाष म्हणाला.

मालू काकांच्या पायांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात मालू, पदर कमरेला खोचलेला.

"काका, वर एक पंप कमी हाय."

काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"वळताना चुकतं गं माझं. पाय ऐकू येतात, वळणं नाही ऐकू येत."

"मग बगायला चला."

काकांनी चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थना ठेवलेल्या त्या छोट्या नळीला, बोट टेकवलं, बोट ओठांना लावलं, आणि चपला न घालताच जिना चढू लागले.