तीन बोटांची पट्टी

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी पट्टी आहे. वीतभर लांब आणि तीन बोटे रुंद. हिच्याजवळ सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते. पण आमच्या तळ्यावर जे घडले ते दुसरे कोणी सांगेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून धीर करून बोलते.

पिशोरच्या बाजारातून जाळी विणणाऱ्या केसरबाईने बांबू आणला आणि कोयत्याने तासून मला घडवले. त्याच वर्षी आमच्या गावचे तळे पहिल्यांदा गावातल्याच लोकांच्या संस्थेला मिळाले होते. त्याआधी बाहेरचा ठेकेदार यायचा, बारीक जाळे ओढायचा आणि बोटभर पिल्लेसुद्धा उचलून न्यायचा. संस्थेत केसरबाईच्या वस्तीतली बौद्ध कुटुंबे होती. पुढे मेंढरे राखणारी काही घरेही आली. सगळ्यांनी बसून ठरवले, की जाळ्याच्या भोकाची बाजू तीन बोटांहून लहान ठेवायची नाही. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची पिल्ले, निसटली पाहिजे, वाढली पाहिजे. ज्याचे जाळे बारीक निघेल, त्याने तो हंगाम पाण्यात उतरायचे नाही.

ते माप म्हणजे मी. केसरबाई मला एका टोकाला धरी, आणि दुसऱ्या टोकाभोवती दोरा गुंडाळून बायका गाठ मारत आणि फास सरकवून पुढचा घेत. प्रत्येक भोक माझ्याएवढेच होई. कोणाचे जाळे तपासायचे असले, की केसरबाई मला घेऊन निघे. एक टोक तिच्या मुठीत असे. दुसरे ती जाळ्याला लावी, या गाठीपासून त्या गाठीपर्यंत. तिने मान हलवली, की तंटा मिटला. लोक मला कोर्ट म्हणत. खरे सांगते, मला तेव्हा फार बरे वाटायचे.

केसरबाईने मला जिवापाड जपले. दोरा अडकू नये म्हणून ती दर हंगामाला माझे टोक काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करी. मला दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे.

अशी बरीच वर्षे गेली. मग हळूहळू तळ्यातला मासा लहान होत गेला. एकदा शहरातून टेम्पो घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने टोपलीत हात घातला आणि म्हणाला, "अम्मा, ये मच्छी है के मिर्ची?"

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या बांधावर सगळे जमले.

"नवे लोक आले तवापासून मासा आटला," गोकुळ म्हणाला. तो केसरबाईचा पुतण्या. "मेंढरं हाकणाऱ्यानं आता मासं बी हाकललं."

बोलणे कोणाला होते ते सगळ्यांना कळले. मेंढरे राखणाऱ्या घरांतला अजिनाथ उभा राहिला. "गोकुळभाऊ, मेंढरं विकून जाळं घेतलं म्या. मला पाण्यातून काढलं तर घरी काय विणत बसू, स्वेटर?"

दोघे-चौघे हसले, पण अजिनाथ हसत नव्हता. परत फिरून जावे असा कळप त्याच्याकडे उरला नव्हता.

केसरबाईने त्याचे जाळे मागवले आणि माझे टोक लावले. गाठी बरोबर माझ्या कडांवर आल्या.

"हे दाखवायचं हाय. दुसरं घरात असंल," गोकुळ म्हणाला.

"मंग समद्यांचीच बघा की," अजिनाथची आई म्हाळसाबाई म्हणाली. "आमच्याच घरात काऊन चोर?"

एकेक जाळे आले आणि एकेक बरोबर निघाले. गोकुळचे, केसरबाईचे स्वतःचेसुद्धा. थकून तिने मला जाळ्यावर ठेवले आणि कपाळाचा घाम पुसला. तेवढ्यात म्हाळसाबाईने मला उचलले. इतक्या वर्षांत मला धरणारा तो पहिलाच दुसरा हात.

"बाई, ही एका टोकाला निमुळती हाय."

"नाय व्हायची."

"आमच्या टकळीला लोकरीनं खाच पडती. हिला तर तुमी काचेनं बी घासता." असे म्हणत तिने मला उलटे केले आणि एरवी मुठीत असणारे टोक केसरबाईच्या जाळ्याला लावले. कडा दोन्ही गाठींच्या बाहेर आल्या. माझे झिजलेले टोक जवळजवळ बोटभर कमी झाले होते.

मित्रांनो, मला माझी रुंदी कधी दिसलीच नव्हती.

मग गोकुळ पुटपुटला, "आता काय समद्यांनीच भाईर बसायचं?"

"बारीक जाळी समद्यांची पाण्यातून निघतील," केसरबाई म्हणाली. "पर पट्टी माझ्या मुठीत व्हती. हंगामभर मी पाण्यात उतरणार नाय." मग तिने अजिनाथकडे पाहिले. "लेका, तुझ्यावर आळ आला. ते आमचं चुकलं."

अजिनाथने पायाने माती उकरली. "तुमी भाईर बसा, मावशी. पर नुसत्या बसू नका. आमाला नवी जाळी विणायला शिकवा. आईला लोकर येती, नायलॉन येत नाय."

तो हंगाम कठीण गेला. लोकांनी गळ टाकून दोन वेळचे भागवले. गोकुळ शहरात मुकुंदवाडीला बांधकामावर गेला. अजिनाथने दुसऱ्याची मेंढरे चारली आणि संध्याकाळी तो केसरबाईच्या ओट्यावर विणायला बसला. माझे धड टोक लावून नवी पट्टी कापली गेली. ती आता एका घरात राहत नाही. दर महिन्याला घर बदलते, आणि घेणारा ती आधी दोन्ही टोकांनी बघतो. मासा अजून पूर्वीएवढा झालेला नाही. पण परवा तोच व्यापारी मिरचीचे काही बोलला नाही.

मित्रांनो, जी वस्तू तुम्ही जिवापाड जपता, ती कधीतरी उलटून बघा आणि मूठ उघडून दुसऱ्याच्याही हातात द्या. मला दुसऱ्या हाताने एकदाच उचलून उलटे केले, आणि अजिनाथ तळ्यावर राहिला.