चौथा प्लग

पहिले एक गोष्ट सांगून टाकतो, मंग तुमाले जे म्हणायचं थे म्हणा. एसटीच्या डेपोत मी चौतीस वर्षं मेकॅनिक होतो, अन् चौतीस वर्षांत मी एक बी स्पार्क प्लग बदलवला नव्हता. बशी साऱ्या डिझेलच्या. डिझेलच्या इंजिनले स्पार्क प्लग नसतेच. पण हे सांगता कोणाले? एटापल्लीत लोक म्हणतात, गुलाबभाऊ आवाजावरून गाडीचा आजार सांगते. म्हणू देल्लं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी पोरगी रोशनी पहिल्या बाळंतपणाले घरी आली होती. नववा महिना. लेकरू पोटात पायाळू, म्हणजे पाय खाली अन् डोकं वर. गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईनं साफ सांगतलं होतं, कळा सुरू झाल्या का तिकडं थांबायचं नाई, सरळ इथी आणायचं, ऑपरेशन लागन. एटापल्लीहून गडचिरोली म्हणजे जंगलातून साडेतीन तास. म्हणून जावई राजदीप आपली मोठी गाडी आमच्या अंगणात ठेवून स्वतः बसनं नागपूरले गेला. सात सीटची, पेट्रोलची. दारात उभी राह्यली का अर्धं घर झाकून टाके. जाताना म्हणाला, "बाबा, चढावर थोडी मिसिंग मारते, झटके देते. नवे प्लग डिक्कीत ठेवले आहेत. आरिफकडून टाकून घ्या."

आरिफ! बस स्टँडजवळ ज्याचं गॅरेज आहे थो. ह्या आरिफले मी शेंबूड पुसताना पाह्यलं आहे. त्यानं माझ्या जावयाच्या गाडीत हात घालायचा अन् मी बाजूले खुर्ची टाकून पाह्यचं? माझं डोस्कंच सटकलं. म्हटलं, "चारच तर प्लग आहेत. त्याले आरिफ कायले पाह्यजे?"

सोमवारी सकाळी घरामागं जाऊन मोबाइलवर एक व्हिडिओ पाह्यला. चोरूनच पाह्यला, माझ्या घरवालीले, अंजनाबाईले दिसला असता तर म्हणाली असती, आता शिकून राह्यले का जी? व्हिडिओतला पोरगा सांगे, प्लग पहिले हातानं बसवा, मंग पान्यानं जरासंच कसा, ताकद लावू नका. मले हसू आलं. म्हटलं, ह्याच्या मनगटात ताकद असन तेव्हा लावन ना.

बोनट उघडलं त लाल मातीचा थर. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक दिवसभर रस्त्यानं जातात, त्यांची धूळ कुठी नाई शिरत? प्लग काढताना ती धूळ आत पडली तर इंजिनची वाट लागन, एवढं मले समजे. चुलीजवळची फुंकणी आणली अन् एक एक खड्डा फुंकून साफ केला. सारी धूळ माझ्याच तोंडावर. रोशनी ओट्यावर बसून हसून राह्यली होती. "बाबा, हळद लागली का कुंकू?" म्हणे. तिचं हसणं पाहून मले बी जोर आला.

तीन प्लग झकास बसले. चौथा मागं, काचेच्या बुडाशी, अंग वाकडं केल्याबिगर हात पोचे नाई. जुना निघता निघेना. शेवटी निघाला. नवा टाकला, हातानं फिरवला, पान्यानं कसला. मंग मनात आलं, ह्या गाडीत माझी पोटुशी पोरगी बसणार. डेपोत आमाले पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती, ढिल्लं सोडसान तर माणसं मरतीन. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, जसा बशीच्या चाकाचे नट कसताना चढवत होतो, अन् देल्ला जोर.

अन् हात हलका झाला.

ज्यानं जन्मात एकदा बी नट कसला आहे त्याले हे समजते. पाना घट्ट होत होत येते अन् एकदम सैल पडते, पायाखालची पायरी सरकावी तसा. आटे गेले होते. बशीचं चाक लोखंडाचं, हे इंजिन वरून अॅल्युमिनियमचं, नरम. प्लग ज्या आट्यांत धरून राहते थेच मी कापून टाकले होते. आता प्लग नुसता खड्ड्यात उभा होता. मी पुन्हा फिरवला, पुन्हा फिरला. तोंडाचं पाणी पळालं.

मंग मी काय केलं? सारं जसंच्या तसं वरून बसवलं, झाकण लावलं, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. झटका नाई, काई नाई, लोण्यावाणी चालली! अंजनाबाई पदराले हात पुसत बाहेर आली. "झाली का जी?"

"झाली," म्हटलं.

रोशनीनं तिथूनच राजदीपले फोन लावला. "बाबांनी एका सकाळीत करून टाकली," म्हणे. माझी कानशिलं तापली. तेव्हाच बोलायचं होतं. पण बाप म्हणून तोंड वर करून बसलेला माणूस एका मिनिटात खाली कसा पाह्यन?

डॉक्टरीणबाईनं देल्लेली तारीख दहा दिवस लांब होती. मी हिशेब लावला, तोवर काईतरी करू. मंगळवारी आरिफच्या गॅरेजात गेलो. तिथी चार जण बसले होते. आरिफ खुर्ची पुसून देत म्हणाला, "जय भीम, गुलाबभाऊ! या उस्ताद, बसा. सुना है, पेट्रोल गाडीचे प्लग बी घरीच टाकले तुमी?" सारे माझ्याकडं पाहून राह्यले. मी म्हटलं, "हाव, त्यात काय आहे?" अन् इंडिकेटरचा एक बल्ब घेऊन घरी आलो. बल्ब कोणाले पाह्यजे होता?

बुधवारी पुन्हा गेलो. ग्रीसचा डबा घेऊन आलो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, थे खोटं नाई. रोशनीनं कमरेवर हात ठेवला का माझं काळीज लटके. ती उठली का मी उठे. जेवणात लक्ष नाई. अंजनाबाई म्हणे, "बाळंतपण तिचं आहे का तुमचं?" दिवसातून दोनदा मी गाडी सुरू करून कान लावे. गुरुवारी सकाळी ऐकू आलं. टिक, टिक, टिक. लहान आवाज, घड्याळीसारखा. प्लगच्या बाजूनं हवा निसटून राह्यली होती. म्हणजे तो वर सरकून राह्यला होता. दुसऱ्या कोणाले ऐकू नसतं आलं. गुलाबभाऊले मात्र आवाजावरून आजार समजते ना!

शुक्रवारी दुपारी रोशनी मोरीतून ओरडली, "आई व!" पाणमोट फुटली होती.

अंजनाबाईनं पिशवी उचलली. शेजारच्या बायांनी रोशनीले धरून मागच्या सीटवर लेटवलं. "चला ना जी, पाहून काय राह्यले?" मी चावी फिरवली. सुरू झाली. मी देवदेव करणारा माणूस नाई, पण त्या वक्ती वाटलं, कोणीतरी ही गाडी बंद पाडावी, म्हणजे मले बोलावं लागणार नाई. नाई पडली. गल्ली सुटली, बाजार सुटला. मागं रोशनी कण्हत होती अन् समोर टिक टिक आता टकटक झाली होती. आरिफचं गॅरेज दिसलं. त्याच्या पुढं जंगल. मोबाइलले रेंज नाई, दुकान नाई, कोणी नाई. प्लग उडाला तर तिथी माझी पोरगी अन् तिचं लेकरू झाडाखाली.

मी ब्रेक मारला.

"काऊन थांबले?" अंजनाबाई ओरडली.

मी उतरलो. गॅरेजात आरिफ होता, गिऱ्हाइकं होती, चहावाला होता. म्हटलं, "आरिफ, मले प्लग लावता येत नाई. चौतीस वर्षांत कधी लावलाच नाई. चौथ्याचे आटे मी कापले. सोमवारी कापले. गाडीत पोरगी आहे."

गाडीच्या काचा खालीच होत्या, मागं रोशनीनं बी सारं ऐकलं. आरिफनं बोनट उघडलं, प्लगवरची कॉइल उपसली, लांब पाना खाली घालून दोन बोटांनी फिरवला. पाना वर काढला त प्लग त्याच्यासंगं तसाच निघून आला, दाण्यातून अळी निघावी तसा. मुळाशी अॅल्युमिनियमचा चुरा.

"पाच किलोमीटर बी नसती गेली, भाऊ," थो म्हणाला. "मंगळवारी आले तेव्हाच सांगायचं ना. नवे आटे टाकून देल्ले असते. दोन तासाचं काम होतं."

त्यानं अॅम्ब्युलन्ससाठी १०८ ले फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटले घेऊन निघून गेली होती. मंग थो रस्त्यावर धावला. त्याचा मोठा भाऊ नूर मोहम्मद आपली काळीपिवळी जीप भरून आलापल्लीले निघालाच होता. आत अकरा-बारा माणसं, वर पोती, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कोंबडा. आरिफ खिडकीशी जाऊन काय बोलला थे मले ऐकू आलं नाई. पण एक एक माणूस खाली उतरला. कोणी कुरकुर केली नाई. एका बाईनं आपली चादर सीटवर अंथरून देल्ली. रोशनीले या गाडीतून त्या गाडीत नेताना तिनं मायचा हात धरला, आरिफचा खांदा धरला. मी हात समोर केला होता. तिनं धरला नाई.

मी नूर मोहम्मदच्या बाजूले बसलो. त्या माणसानं काळीपिवळी कशी उडवली त्यालेच ठाऊक. साऱ्या रस्त्यात मी मागं वळून पाह्यलं नाई. तिचं कण्हणं थांबलं का माझा श्वास थांबे, पुन्हा सुरू झालं का वाटे, चला, जिवंत आहे. रोशनी मायशी बोलली, नूर मोहम्मदले "भाऊ, पाणी" म्हणाली. माझ्याशी बोलली नाई.

पोचल्या पोचल्या आत नेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आली तेव्हा म्हणाली, "पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. अजून अर्धा तास लागला असता तर मी काई सांगू शकली नसती." मी भिंतीले टेकून खाली बसलो अन् रडलो. साठी ओलांडलेला माणूस, भर वऱ्हांड्यात, लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो. खिडकीतून ऊन येत होतं. रोशनी उशीले टेकून होती, कुशीत लेकरू. मी घसा साफ केला. तिनंच पहिले तोंड उघडलं. आवाज चढवला नाई, रागावली बी नाई.

"बाबा, दुखलं का मी खिडकीतून अंगणात पाहे. गाडी उभी दिसली का मनात म्हणे, घाबरायचं काऊन, बाबांनी नीट करून ठेवली आहे. अन् झोपून जाये. चार दिवस मी तशी झोपली. तुमी रोज मले तशी झोपू देल्लं."

"चुकलं माझं, माय," म्हटलं.

"हाव," ती म्हणाली.

मी थांबलो. वाटलं, पुढं काई म्हणन. जाऊ द्या म्हणन, झालं गेलं म्हणन. नाई म्हणाली. अंजनाबाई डबा घेऊन आत आली. रोशनीनं लेकरू उचलून तिच्या हातात देल्लं. मी तिथीच पलंगाजवळ उभा होतो, दोन्ही हात धुऊन आलेला.