तळाशी पाणी

मी डबा. इंजिनाच्या अंगाला लटकणारा, काळा, तेलकट डबा. माझी कहाणी ऐकायला कुणी थांबलेलं नाही, आणि तिच्यात मिरवण्यासारखंही काही नाही. पण पोटात फार दिवस साठलं की तोटी उघडावी लागते, एवढं मला माझ्या धंद्यानं शिकवलंय.

माझा जन्म अडुसष्ट सालच्या दिवाळीआधी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, केरबा मिस्त्रीच्या शेडमध्ये झाला. त्याआधी मी रंगाचा डबा होतो. नदीकाठच्या सयाजीरावांच्या गुऱ्हाळावरचं डिझेल इंजिन म्हातारं झालं होतं. त्याच्या श्वासाच्या नळीतून तेलकट धूर निघायचा आणि वारं फिरलं की थेट रस उकळणाऱ्या काहिलीवर यायचा. "गुळाला इंजिनाचा वास मारतोय की," असं एक गिऱ्हाईक तोंडावर बोलून गेलं, तेव्हा सयाजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. केरबानं मला दोन नळ्या जोडल्या, झाकण बसवलं आणि म्हणाला, "आता धूर ह्यात शिरंल, तेल खाली बसंल. बघा कसा सोन्यावाणी गूळ निघतोय!"

आणि निघाला की! मी काय फुगलो होतो म्हणता. सगळ्यांची घाण पोटात घेणारा मी, पण गूळ माझ्यामुळं चोख, या तोऱ्यात राहिलो.

सयाजीराव माणूस वाईट नव्हते. फक्त हाताचे घट्ट, आणि दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही. माझ्यात जमलेलं तेल ते पहाटे कुणी उठायच्या आत स्वतः फडक्यातून गाळायचे आणि नरसाळ्यानं परत इंजिनात ओतायचे. "लक्ष्मी हाय, वाया घालवू नये," असं पुटपुटायचे. दिवाळीच्या दिवसांत निघायचं ते खरंच तेल होतं.

इंजिन चालवायचे त्यांचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक, कृष्णात. नोकरी सुटल्यावर ते आक्काला घेऊन मेव्हण्याकडं राहायला आले होते. सासुरवाडीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, म्हणून दिवसभर इंजिनापाशी राबायचे. बोलणं कमी. मला मात्र रोज चिंधीनं पुसायचे.

मग थंडी पडली. नदीवरून धुकं चढायचं, बैलांच्या नाकातून वाफा निघायच्या, माणसं चुलवाणाच्या जाळापाशी अंग चोरून बसायची. माझा पत्रा असा गारठायचा की हात लावणारा हात झटकायचा. इंजिनाचा ऊन ऊन श्वास माझ्या पोटात आला की त्यातल्या वाफेचं पाणी व्हायचं, आतून ओघळायचं आणि तळाशी बसायचं. वर तेलाचा पातळ थर. वरून बघणाऱ्याला डबा तेलानं काठोकाठ भरलेला! "थंडीत लईच तेल सोडायलंय," म्हणत सयाजीराव अंधारात मला खुशाल नरसाळ्यात उपडा करायचे. मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

आणि एके दिवशी ऐन कामात इंजिन खाडकन बंद पडलं. काहिलीत रस अर्धा कढलेला, बाहेर उसाच्या गाड्या उभ्या, तोडलेला ऊस वाळायला लागलेला. केरबा आला. त्यानं खालचा बोल्ट काढला, तर तेलाऐवजी पांढरं ताक बाहेर आलं.

"ह्यात पाणी गेलंय, मालक. बेअरिंग खलास."

सयाजीराव वळले. सगळं गुऱ्हाळ बघत होतं. "दाजी, इंजिन तुमच्या ताब्यात. दुधात पाणी घालणारी लई बघितली, तेलात घालणारा आज बघितला! तेल कुणाला इकलंसा?"

दाजींनी हात पुसले. इंजिनाचं हँडल सयाजीरावांच्या पायाशी ठेवलं. ज्या दाजींचे पाय धुवायचे, त्यांना चोर म्हटलं होतं. त्याच दुपारच्या एसटीनं आक्का आणि दाजी कागलला, दाजींच्या भावाकडं निघून गेले. पाणी माझ्या पोटातलं, आणि मी तिथंच दोघांच्या मधे लटकत होतो.

इंजिन दुरुस्त झालं. डबा रोज उपडा करायला नको म्हणून केरबानं आता माझ्या तळाला तोटी बसवली. दाजी नाहीत म्हणून सयाजीराव स्वतः इंजिन चालवू लागले, इंजिनाच्या शेडला रात्री कुलूप घालून किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधू लागले. एका गारठलेल्या सकाळी त्यांनी तोटी फिरवली. पाणी आलं. निवळ पाणी. येतच राहिलं, आणि सगळ्यात शेवटी बोटभर तेल. सयाजीरावांनी कमरेची किल्ली चाचपली; रात्रीत शेडमध्ये दुसरं कुणी शिरलंच नव्हतं. मग इकडंतिकडं बघून त्यांनी त्या ओल्या मातीवर पायानं राख सारली. ते बघून मला माझीच लाज वाटली.

आक्का सासरी होती तेव्हा संक्रांतीला दरसाल तिला गूळ जायचा. त्या वर्षी सयाजीराव गुळाची ढेप घेऊन स्वतः कागलला गेले, आणि पिशवीत मी. आक्काच्या सोप्यात त्यांनी मला पुढं ठेवलं. "आक्का, पाणी ह्या डब्यात धरत हुतं. मीच वतत हुतो. दाजींस्नी माफी मागायला आलोय."

आक्कानं ढेपेला हात लावला नाही. "शिवी चार माणसांत दिलीस, आणि माफी घरात येऊन मागतोस व्हय रं, सयाजी? जा. जिथं बोललास तिथं बोल."

ढेप परत आली. उरलेला हंगाम सयाजीराव रोज माणसांपुढं उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "जाळ जरा कमी करा." हंगाम सरला, माणसं पांगली.

पुढच्या वर्षीची थंडी पडली तेव्हा एका सकाळी त्यांनी सगळ्यांना इंजिनापाशी बोलावलं. तोटी उघडली. पाणी पडलं. "गेल्या साली हे मीच इंजिनात वतलं. दाजी चोर न्हाईत. चुकी माझी."

मग गूळ काढणारा म्हातारा ज्ञानू म्हणाला, "दाजी तसला माणूस न्हाय, हे आमास्नी तवाच ठावं हुतं, मालक."

"मग बोललासा का न्हाई?"

"आमची चूल तुमच्या चुलवाणावर. काय बोलणार?" ज्ञानूनं मान खाली घातली. सगळ्यांच्याच माना खाली गेल्या.

बातमी कागलला आपोआप पोचली. संक्रांतीला आक्का स्वतः आली, मागं दाजी. सयाजीरावांनी ढेप पुढं केली, पण 'गोड बोला' म्हणायला तोंड उघडेना. आक्कानं ढेप घेतली. दाजी सरळ माझ्याकडं आले. वाकून तोटी उघडली, पाणी संपून तेल लागेपर्यंत बघत राहिले, तोटी बंद केली आणि चिंधीनं मला पुसलं.

"सयाजीराव, थंडी हाय. रोज काढत जावा," एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या एसटीनं गेले. इंजिनावर ते परत कधी आले नाहीत.

आता विजेची मोटर आली. इंजिन भंगारात गेलं, मी शेडच्या भिंतीला खिळ्यावर आहे. बाबांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी घाण पोटात घेणारा असेल, तर त्याला रोजच्या रोज रिकामा करा, आणि दुसऱ्याच्या तोंडावर काही ओतायच्या आधी तळाशी काय बसलंय ते बघा.

थंडी पडली की म्हातारे सयाजीराव अजून पहाटे शेडमध्ये येतात. माझी तोटी फिरवतात. काही येत नाही. तरी तिच्याखाली हात धरून थोडा वेळ उभे राहतात.