मागे पडणारा चौथा ठोका

कुठे चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. सालेकशाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, तिथली पोरं त्यामुळे मला टरकून असतात. घरी बाबाही थोडे टरकायचे, आणि मला त्याची गंमत वाटायची.

बाबा, म्हणजे शालीकराम, ढोलकी वाजवत. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बाया धानाच्या बांधीत उतरल्या की ते धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर बसून ठेका धरायचे आणि माझी आत्या अनुसयाबाई गाणं उचलायची. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. डाव्या हातात हळूहळू जीव आला, पण चिखलातून धुऱ्यापर्यंत जाणं संपलं. औषधांपेक्षा त्यांना हेच जास्त लागलं, की रोवणा आता त्यांच्याशिवाय होणार. म्हणून मी ठरवलं, त्यांची ढोलकी घरीच रेकॉर्ड करायची आणि धुऱ्यावर स्पीकर ठेवायचा.

होळी झाली आणि आम्ही बसलो. आमचा स्टुडिओ म्हणजे धानाच्या पोत्यांची खोली. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. पंखा बंद, खिडकीला गोधडी, जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, असं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मंजे रोवण्यावानीच. सारे मिळून." आठ मिनिटं त्यांनी अशी वाजवली की मी मांडीवर ताल धरला. कित्येक महिन्यांनी ते हसले.

मग मी ते पडद्यावर पाहिलं. खाली सारख्या अंतराने वाजणाऱ्या टिकटिकीचा ट्रॅक लावला, तर बाकीचे ठोके टिकटिकीच्या रेघेवर आणि दर चौथा, डाव्या हाताचा ठोका मागे. थोडासाच, पण दर वेळी. दर वेळी तेवढाच का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

"बाबा, तुमचा डावा हात मांगं पडून राहिला. हे पाहा."

चष्मा लावून ते वाकले. "मी तं असाच वाजवतो," म्हणाले. मग हाताकडे बघत हळूच, "का मालूम. लकव्यानं गेला असन."

"फिकर नोका करू. मी करतो बराबर."

चार दुपारी बसून मी सव्वाशे ठोके एकेक करून कापले आणि रेघेवर आणून बसवले. दर ठोक्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. काम झाल्यावर जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. बाबांनी नवं ऐकलं, "चांगलं झालं" म्हणाले आणि ती टिकटिक आपल्या मोबाईलमध्ये टाकून मागितली. मी आनंदाने दिली. म्हटलं, हात सुधारायची जिद्द आली.

आषाढात रोवणा लागला. मी धुऱ्यावर स्पीकर ठेवला, आत्याने गाणं उचललं, बाया वाकल्या. दोन ओळी झाल्या नाहीत तोच रांग विस्कटली. कुणी पुढे, कुणी मागे. चंदाकाकू तर धपकन चिखलात बसली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. फक्त आत्या हसली नाही.

"कोणं वाजवलं वो हे?"

"बाबानं."

"लबाड नोको बोलू. माह्या भावाचा हात नाई हा." ती कंबर सरळ करत म्हणाली, "तीन रोपं लावाचे, चवथ्याले पाय मांगं घ्याचा. चिखल का लगेच सोडते पायाले? पाय निंगेपर्यंत माहा भाऊ जरासा थांबे. हे तं थांबूनच नाई राहिलं."

मी स्पीकर बंद केला. बाबांचा हात मागे पडलाच नव्हता. तीस वर्षं तो बायांच्या पायांसाठी थांबत होता. त्या माणसाला मी तोंडावर सांगितलं होतं की तुमचा हात गेला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पळतच घरी आले. बाबा पोत्यांच्या खोलीत होते. कानात टिकटिक, मांडीवर ढोलकी.

"बाबा, तुमचंच बराबर होतं! आत्या म्हणते, चवथ्याले थांबाचंच असते. मीच येडी. पयल्यासारखी वाजवा, मी आत्ताच रेकॉर्ड करतो."

त्यांनी कानातलं काढलं. चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. त्यांनी वाजवायला घेतलं. एक, दोन, तीन, चार. चौथा ठोका नेमका रेघेवर. ते थांबले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा रेघेवर. तिसऱ्यांदा डोळे मिटून, गाणं पुटपुटत वाजवलं. चौथा ठोका इतका लांबला की तालच मोडला, आणि पुढच्या खेपेला परत रेघेवर येऊन बसला.

ते बराच वेळ डावा हात चोळत राहिले.

"चार महिने रोज शिकवलं त्याले, थांबू नोको, थांबू नोको," बाबा म्हणाले. "आता थांब म्हणतो तं आयकत नाई."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाय, बायाइले सांग, माही वाट नोका पाहू."

त्या वर्षी आमचा रोवणा ढोलकीशिवाय झाला.